फिशटँकचा हलका चोक

आमच्या पुढच्या खोलीत फिशटँक आहे, हे नव्या माणसाला आधी पटतच नाही. दोन खोल्यांचं घर, पुढे पत्र्याची पडवी, आणि आत पाऊल टाकलं की तीन फूट काचेत मासे फिरतायत! पण भिंगारला हे असंच असतं. छावणीतल्या साहेब लोकांची बदली झाली की जड सामान ते इथंच विकून जातात आणि ते घराघरांत मुरतं. आमच्या शेजारणीकडे पळायचं मशीन आलंय, तिच्याकडे कपडे वाळत घालायला ते फार सोयीचं पडतं. आमच्याकडे टँक आला. आमचे हे तेव्हा नुकतेच रिटायर झाले होते. सरकारी स्टोअरमध्ये आयुष्यभर नटबोल्ट सांभाळले, आता घरी काय सांभाळू म्हणाले, आणि टेम्पोत घालून टँक घेऊन आले.

मी तेव्हा फार बोलले होते त्यांना. पण नंतर ह्यांचे कान गेले, आणि त्या टँकचा केवढा आधार आहे ते मला कळलं. ऐकू येईना तसं माणसांनी येणं कमी केलं. त्यांची तरी काय चूक? ह्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि ओरडून सांगण्यासारखं माणसाकडे रोज असतं काय? मासे काही बोलतच नाहीत, म्हणून त्यांच्याशी ह्यांचं बरं जमलं. पुढे लेकीनं कानाचं मशीन घेऊन दिलं. ते लावून हे टँकशेजारच्या खुर्चीत बसायचे, पेपर वाचायचे, मी भाजी निवडत समोर. आमचं दोघांचं जे काही बोलणं व्हायचं ते तिथंच व्हायचं.

गेल्या वर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी टँकच्या झाकणातली ट्यूब फडफडायला लागली. पेटायची, विझायची, मासे बिचारे कोपऱ्यात जाऊन बसायचे. ह्यांनी झाकण उचललं, आत हात लावला आणि म्हणाले, "चोक गेला गं. पोळतोय नुसता."

चोक म्हणजे ट्यूबच्या पट्टीत तो वजनदार डबा असतो तो. त्याच्याशिवाय ट्यूब पेटत नाही. सगळ्यांनी सांगितलं, कशाला चोक शोधत बसता, एलईडीची पट्टी लावून टाका. लेकीनंही एक पाठवली होती मागे. पण तिच्या उजेडात आमचे लाल मासे पांढरेफटक दिसायला लागले आणि पाण्यातलं गवत पिवळं पडलं. शिवाय ह्यांनी जुन्या ट्यूबा पेपरात गुंडाळून पलंगाखाली ठेवलेल्या. त्या संपल्याशिवाय दुसरं काही लावायचं नाही, असा हिशेब. स्टोअरचा माणूस तो.

गुडघ्यांमुळे त्यांना बसनं जाणं होत नाही, तेव्हा चोक आणायला नगरला मी गेले. निघताना म्हणाले, "हातात धरून बघ. हलका घेऊ नको."

मी हो म्हटलं. मी कशालाही आधी हो म्हणते.

पहिल्या दुकानात नाही म्हणाले. दुसऱ्या दुकानातला हसला, "माशांना चोक?" म्हणाला, आणि मागची गिऱ्हाइकं पण हसली. मी पदर सावरून बाहेर आले. तिसऱ्या दुकानातला माणूस जरा मऊ होता. शिडीवर चढून वरच्या फळीवरून धुळीतली खोकी काढली त्यानं.

"तांब्याचा येत न्हाई आता, मावशी. इलेक्ट्रॉनिक हाय. ह्याला स्टार्टर पण लागत न्हाई."

तीन चोक ठेवले त्यानं काउंटरवर. एक चांगल्या कंपनीचा, पत्र्याच्या डब्यातला, त्याच्यावर सगळं छापलेलं. दुसरा मधला. आणि तिसरा प्लॅस्टिकचा, त्याच्यावर नाव नाही, गाव नाही, फक्त एक चिठ्ठी डकवलेली. अर्थातच तो सगळ्यात स्वस्त होता. मी तिन्ही हातात घेतले. तिसरा म्हणजे रिकामी काडेपेटी.

"ह्याच्यात आणि ह्याच्यात फरक काय?" मी विचारलं.

"फरक वजनात हाय."

"मग मी काय बटाटे घ्यायला आले का? ट्यूब पेटंल ना ह्याच्यावर?"

"पेटंल की. पेटायला काय झालं?" तो हसला. "आतलं सामान कमी हाय त्याच्यात. घरात रेडिओ लावत असाल तर खरखर येईल, एवढंच."

"रेडिओ! मावशीच्या घरी रेडिओ!" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मी पण हसले त्यांच्यात. मोबाईलच्या जमान्यात रेडिओ कोण ऐकतं? मला वाटलं, महागातला खपवायला बघतोय. मधला घ्यावा असं एकदा मनात आलं, पैसेही होते जवळ. पण माझा स्वभावच असा आहे की तीन वस्तू समोर ठेवल्या की हात खालच्या किमतीकडे जातो. घासाघीस करून त्याचेही थोडे कमी करून घेतले, आणि बसमध्ये बसताना मला फार शहाणं वाटत होतं.

घरी आल्यावर दोघांनी मिळून बसवला. ते खुर्चीत बसून सांगत होते, मी स्टुलावर उभी राहून वायरी जोडत होते. "लाल तिकडं. अगं, तिकडं म्हणजे माझ्याकडं." असं चाललं होतं. मध्येच त्यांनी चोक हातात घेतला आणि तळव्यावर जरा उडवला.

"हलका लागतोय गं."

"आता इलेक्ट्रॉनिक आलंय. सगळंच हलकं आलंय."

"चांगला घेतलास ना?"

"चांगलाच की," मी म्हटलं.

बटण दाबलं आणि ट्यूब कशी लख्ख पेटली! फडफड नाही, गुणगुण नाही. मासे पुढे आले. हे टाळी वाजवायचे तेवढे राहिले होते.

पण त्यानंतर दोन-चार दिवसांतच ह्यांचं काहीतरी बिनसलं. बसल्या बसल्या कपाळाला आठ्या पडायच्या. "कुणाची मोटार चालू आहे का गं?" म्हणायचे. मी बाहेर जाऊन बघायची, कुणाची मोटार नाही. "फ्रीज ओरडतोय का?" फ्रीज गप्प. मी टँकला कान लावला, भिंतीला कान लावला. "काही नाही हो, कसला आवाज?" मशीन काढून बघितलं. त्याची आमच्याकडे एक खूण आहे. चालू करून मुठीत धरलं की ते शिट्टी मारतं, म्हणजे ठीक आहे. मारली त्यानं शिट्टी.

"मशीन चांगलंय," मी म्हटलं. "तुमच्या मनातच येतंय काहीतरी."

हे वाक्य मी अगदी सहज बोलले होते. पण त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या थोरल्या भावाला शेवटच्या वर्षांत असंच व्हायचं. कुणी नसताना हाक ऐकू यायची, विहिरीवर रहाट वाजतोय म्हणायचे, आणि पुढे पुढे घरच्यांना ओळखेनासे झाले. त्यांचं सगळं ह्यांनीच केलं होतं. तेव्हा हे काय समजून बसले ते मला कळायला हवं होतं. मला वाटलं, चिडचिड करतायत, वय झालं.

मग त्यांनी घरात मशीन लावणंच सोडलं. लेकीचा फोन आला की मी तिला दुसऱ्या खोलीत जाऊन सांगायची. "आवाज येतात म्हणतात गं. काकांसारखं तर नाही ना?" ती घाबरली. "आई, त्यांना एकटं सोडू नकोस. पुढच्या महिन्यात मी येते, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवू." लेक नि मी, दोघींनी मिळून त्यांना आजारी करून टाकलं.

त्यातच आमच्याकडे घरसभेची पाळी आली. आम्ही ख्रिस्ती लोक आठवड्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो. गीत होतं, बायबलातलं वचन वाचतात, प्रत्येक जण आपल्या प्रार्थनेचा विषय सांगतो, मग चहा. पाळीचं घर म्हणजे घर आवरायचं, शेजारून खुर्च्या आणायच्या, आणि टँकचा लाईट तर लावायचाच, पोरंसोरं बघतात. मीच ह्यांना आग्रह करून मशीन लावायला लावलं. "चार माणसं येणार, बरं दिसत नाही" म्हटलं. बसवलं कुठं, तर त्यांच्या खुर्चीत, टँकला खेटून.

आमच्यात एक रिटायर शिक्षिका आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. वय झालं तरी आवाज असा की अंगावर काटा येतो. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून एकटीनं गीत धरलं. खोली चिडीचूप. आणि दुसऱ्या कडव्याला हे एकदम ओरडले:

"अरे बंद करा ती किरकिर!"

मशीन कानातून उपटून त्यांनी मुठीत धरलं. बाई थांबल्या. डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागल्या. मग आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी घाईघाईनं बायबल उघडलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाला आधण ठेवलं, अजून वेळ नव्हती तरी. माझे कान गरम झाले होते. माणसं गेल्यावर मी ह्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. मशीन काढलेलं होतं, त्यामुळे निम्मं त्यांना ऐकू गेलं नसेल, पण माझं तोंड तर दिसत होतं.

पुढच्या आठवड्याची सभा बाईंच्याच घरी होती. मला जायची लाज वाटत होती, पण हे म्हणाले, "जायचं." आम्ही गेलो. मी पुढे होते, हे मागून काठी टेकत आले आणि माझ्याशेजारी बसले. ते हल्ली मशीन खिशातच ठेवतात, असं मी धरून चालले. मान वळवून त्यांच्या कानाकडे बघितलंसुद्धा नाही.

विषय सांगायची वेळ आली. कुणाच्या मुलाची नोकरी, कुणाची शुगर. माझी पाळी आल्यावर बाईंकडे बघून मला भरून आलं. त्यांची माफी मागायची होती, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं:

"बाई, तुम्ही राग मानू नका. आमच्या ह्यांना हल्ली डोक्याचा त्रास सुरू झालाय. नसलेले आवाज ऐकू येतात. थोरल्या भावाचं झालं तसंच होतंय. त्यांच्या डोक्यासाठी सगळ्यांनी प्रार्थना करा."

"अरेरे," सगळ्यांच्या तोंडून निघालं. पाळकसाहेब उठून आले आणि ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांनी मोठमोठ्यानं प्रार्थना केली. प्रभू, ह्या तुझ्या लेकराची बुद्धी जागेवर आण. बाई तर रडल्या. हे मान खाली घालून बसून राहिले. मला वाटलं, ह्यांना काही ऐकू येत नाही तेच बरं.

घरी येताना हे काठी टेकत माझ्या पुढं चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर घेऊन पडवीत जाऊन बसले. खुर्ची तशीच रिकामी. जेवताना म्हणाले, "मासे देऊन टाक कुणाला तरी."

"का हो?"

"मला आता त्यांचं करणं व्हायचं नाही."

आणि त्या आठवड्यात लोक कसे वागायला लागले! वाटेत कुणी भेटलं की ह्यांचा हात धरून लहान पोराशी बोलावं तसं, "काय काका, जेवलात का? ओळखलं का मला?" हे "हो, हो" म्हणायचे. ते ऐकून मला पहिल्यांदा माझं सभेतलं बोलणं खटकलं. पण शब्द तोंडातून गेलेला, आता काय करता?

मासे न्यायला एक ओळखीचे गृहस्थ रविवारी येणार होते. त्याच्या आधीच्या संध्याकाळी हे दूध आणायला कोपऱ्यावर गेलेले. लेकीचा फोन येणार म्हणून मी मशीनचा सेल बदलायला घेतला. तो सेल म्हणजे मसुराच्या डाळीएवढा, त्याच्यावरची खूण मला दिसेना, म्हणून उजेडाला टँकपाशी गेले. सेल घातला. आणि मुठीत धरून शिट्टी ऐकण्याऐवजी, का कोण जाणे, मी ते पदराला पुसलं आणि माझ्याच कानात घातलं. इतक्या वर्षांत कधी घातलं नव्हतं. दुसऱ्याच्या कानातलं आपल्या कानात कोण घालतं?

आई गं! पिठाच्या गिरणीत पट्टा सुटल्यासारखा आवाज. दात शिवशिवले. मी मागे सरकले, आवाज कमी झाला. पुन्हा पुढे गेले, पुन्हा तेच. मग मी हात लांब करून टँकचं बटण बंद केलं. सगळं शांत. बाहेर कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, तीसुद्धा स्वच्छ ऐकू आली. बटण लावलं, गिरणी सुरू.

"घरात रेडिओ लावत असाल तर," म्हणाला होता तो दुकानदार. मला रेडिओ म्हणजे रेडिओच वाटला होता. नवऱ्याच्या कानातलं यंत्र पण त्याच जातीचं, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी त्यांच्या खुर्चीत बसले. लाईट बंद केला नाही. हे रोज किती सोसत होते ते बघावं म्हणून बसले, पण मला पाच मिनिटंही काढता आली नाहीत. आणि मी चारचौघांत ह्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला होता.

ते दूध घेऊन आले. मी मशीन त्यांच्या हातात दिलं, लाईट बंद केला, आणि जवळ जाऊन सांगितलं. आवाज चोकचा होता. मी सगळ्यात स्वस्तातला आणला होता. चांगला आहे म्हणून तुम्हाला खोटं सांगितलं होतं.

त्यांनी मशीन कानात घातलं. मला वाटलं, आता दुधाचं भांडं आदळतील. ते म्हणाले, "तुला ऐकू आला?"

"आला."

"तुला पण ऐकू आला आवाज? नक्की?"

"गिरणीसारखा."

"गिरणीसारखा," ते म्हणाले. "बरोबर. गिरणीसारखाच." आणि पलंगावर बसले. दूध माझ्या हातात दिलं. बराच वेळ तोंड पुसत होते.

मग म्हणाले, "बाईंच्या घरी मी मशीन लावूनच आलो होतो गं. दाराबाहेर लावलं. म्हटलं, त्या दिवशी बाईंचं गाणं राहिलं, आज नीट ऐकू."

म्हणजे त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. माझं बोलणं, "अरेरे", बुद्धी जागेवर आण. शब्द न् शब्द. मी दुधाचं भांडं घेऊन तशीच उभी होते.

मासे न्यायला येणाऱ्या गृहस्थांना नको म्हणून कळवलं. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, म्हणून सोमवारी रिक्षा करून दोघं नगरला गेलो. दुकानदारानं ट्यूब काउंटरवर आडवी ठेवली आणि एकेक चोक जोडून पेटवायला लागला. हे मशीन लावलेला कान ट्यूबपाशी नेऊन ऐकायचे. गिऱ्हाइकं गोळा झाली. कुणीतरी म्हणालं, "आजोबा ट्यूबचं गाणं ऐकतायत." मी खाली बघत होते, पण ह्यांना त्याचं काही नव्हतं. चांगल्या कंपनीचा ऐकला, मधला ऐकला, परत चांगला ऐकला. मग मला म्हणाले, "तू ऐक." एवढ्या लोकांत मी मशीन कानात घातलं. मधल्याचा आवाज अगदी जवळ गेलं तरच यायचा, तोही डास असावा एवढा.

"मधलाच द्या," हे म्हणाले. "महागातला काही जास्त चांगला नाही."

त्याच आठवड्यात सभेत मी उभी राहिले. आधी पाठ करून गेले होते, तरी शब्द सापडेनात. ह्यांना काही झालेलं नाही, ते आवाज खरे होते, चोकचे होते, मी स्वस्तातला आणला होता, असं सगळं उलटसुलट सांगितलं.

बाई म्हणाल्या, "म्हणजे ते माझ्या गाण्याला किरकिर म्हणाले नव्हते?"

"तुमचं गाणं मला ऐकूच आलं नव्हतं, बाई," हे म्हणाले. सगळे हसले. बाईही हसल्या.

पाळकसाहेब आनंदानं म्हणाले, "बघा, प्रार्थनेचं उत्तर मिळालं!"

मला बसून घ्यावंसं वाटलं, इतकं ते सोपं होतं. पण मी म्हटलं, "नाही, पाळकसाहेब. ह्यांना काही झालंच नव्हतं. ती प्रार्थना मी चुकीची मागितली होती." पाळकीणबाई माझा हात दाबून हळूच म्हणाल्या, "तरीपण डॉक्टरांना एकदा दाखवून ठेवा हं." माझ्या शेजारी बसलेल्या ह्यांना ते ऐकू गेलं.

मग विषय सांगायची वेळ आली. ह्यांच्यापर्यंत आल्यावर सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे काठीवर भार देऊन उठले.

"इथून पुढं माझा विषय मी सांगत जाईन," म्हणाले. रागानं नाही, साधंच. "गुडघे. गुडघ्यांसाठी प्रार्थना करा."

सगळ्यांनी डोळे मिटले. मीही मिटले, पण प्रार्थना मला सुचेना.